अवेळी उधळलेला गुलाल

सिंगापूरहून परत आल्यापासून पेठेत जो भेटेल तो एकच विचारतो, "शालनताई, सिंहाच्या तोंडातनं पाणी पडतंय ते बघितलंस काय?" बघितलं बाबांनो! गॉगल लावून फोटोसुद्धा काढलाय. पण महिनाभर तिथं राहून खरं काय केलं म्हणाल, तर मी जपानचा फुटबॉल बघितला. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग एकमेकांकडं बघतात. "फुटबॉल बघायला एवढ्या लांब? इथं काय कमी हाय?"

कमी नाहीच. आम्ही कोल्हापूरचे. बाकी महाराष्ट्र क्रिकेट घेऊन बसलाय. आमच्याकडं पेठांच्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत, आणि मॅचच्या दिवशी लग्नाचा मुहूर्त धरणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणत नाही. माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या तालमीचा गोलकीपर होता. त्याचे चिखलाचे हातमोजे धुण्यात माझं बालपण गेलं. त्यामुळं ऑफसाइड काय, कॉर्नर काय, मला कुणी शिकवायला नको. निदान असा माझा समज होता, आणि त्या समजानंच मला सिंगापुरात तोंडावर पाडलं.

ईस्ट कोस्ट

माझा मुलगा अभि तुआसला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तुआस म्हणजे बेटाचं पश्चिमेचं टोक, आणि ही मंडळी राहतात पूर्वेला, ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत. रोज पहाटे निघतो आणि दिवेलागणीला परत येतो. "अरे, कामाजवळ घर घे की," म्हटलं, तर म्हणतो, "आई, इथं समुद्र आहे." सूनबाई सायली पुण्याची. घरून काम करते, कानात यंत्र अडकवून भिंतीशी इंग्रजी बोलते. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना पुरुषांसारखं "मी आलो, मी गेलो" म्हणतो (लिहिताना तेवढं सुधारते), त्याचं तिला लग्नाला बारा वर्षं झाली तरी हसू येतं. नात रेवा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तिथल्या इंग्रजीत, शेवटी 'ला' लावून. "आजी, कॅनॉट ला!" हे वाक्य मी महिनाभरात इतकं ऐकलं की आता झोपेतसुद्धा म्हणेन.

पहिल्याच संध्याकाळी रेवानं मला समुद्रावर नेलं. एका बाजूला झाडांची रांग आणि सायकलींचा रस्ता, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत उभी जहाजं. येताना भूक लागली, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये शिरलो. नावाला कॉफी शॉप. खरं तर एका छपराखाली दहा-बारा खाण्याचे गाळे आणि मध्ये टेबलं. सगळी भरलेली. एकाच टेबलावर कुणी नव्हतं, नुसतं कागदी रुमालांचं एक पाकीट पडलं होतं. मी बसले, पाकीट फोडलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"आजी!" रेवा किंचाळली. "दॅट वन समबडीज!"

आपल्याकडं एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं तिथं पाकीट ठेवून टेबल धरतात. आणि मी दुसऱ्याच्या सीटवरचा रुमाल उचलून तोंड पुसलं होतं! समोर ऑफिसच्या कपड्यातले दोन जपानी हातात ताटं घेऊन उभे. ते बिचारेच मला वाकून नमस्कार करायला लागले. मीही वाकले. ते आणखी वाकले. हे किती वेळ चाललं असतं देव जाणे, पण समोरच्या गाळ्यातून एक बाई पोट धरून हसत बाहेर आली आणि तिनं आम्हाला गाळ्याच्या फळीशी दोन स्टुलं दिली.

ती केइको-सान. माझ्याच वयाची, बुटकी, पांढरा एप्रन, केस पंच्यात करकचून बांधलेले. जपानी खाणं विकते. तिनं पुढं ठेवलेला गरम वडा फोडला, तर आत बटाटा! बेसनाऐवजी पावाचा चुरा, लसूण नाही, मिरची नाही, पण बटाटावड्याचा चुलतभाऊच. मी पिशवीतून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली (कोल्हापूरची बाई चटणीशिवाय घराबाहेर पडत नाही) आणि तिला एका वड्यावर घालून दिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाणी पुसून तिनं पुडीकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "मोअर." तिथंच मैत्री झाली.

फळीवर एक टॅब उभा करून ठेवला होता आणि त्यावर फुटबॉल चालू होता. गंमत म्हणजे टॅबचं तोंड गिऱ्हाइकांकडं आणि केइकोची त्याकडं पाठ. कुठं ओरडा झाला की ती कढईतून मान न काढता जपानीत काहीतरी विचारायची, आणि गिऱ्हाईक उत्तर द्यायचं.

"ही बघत का नाही?" मी रेवाला विचारायला लावलं.

उत्तर रेवानं मला दिलं ते असं. टॅबवर जपानच्या व्यावसायिक क्लबांच्या कपाची जुनी मॅच होती, आणि त्यातल्या हिरव्या टीमचा गोलकीपर, केन, हा केइकोचा मुलगा; निकाल ठाऊक असला तरी त्याचा खेळ तिला बघवत नाही. वय तेहतीस. क्लबात तो दुसऱ्या नंबरचा कीपर. लीगच्या मॅचला पहिल्या नंबरचा उभा राहतो आणि हा बाकावर बसतो; कपाच्या मॅच मात्र ह्याला देतात. क्लबनं सांगून टाकलंय की हा शेवटचा मोसम. म्हणजे कपातून टीम बाहेर पडली की त्याचा खेळ संपला.

"एव्हरी मॅच मेबी लास्ट मॅच, आजी," रेवा म्हणाली.

आता त्यांची टीम सेमीफायनलला आली होती, आणि मॅच पुढच्या बुधवारी संध्याकाळी.

मला आई आठवली. दादाची मॅच असली की आमची आई घरात चुलीपुढं बसायची. स्टेडियम जवळच, आरोळी घरापर्यंत ऐकू यायची. ती मला म्हणायची, "जा गं, बघून ये, आपली आरोळी का त्यांची." आणि ही बाई समुद्रापलीकडं कढईपुढं उभी राहून तेच करत होती.

बुधवार

त्या बुधवारी मी अभिला तुआसहून परस्पर तिथंच बोलावलं. केइकोच्या फळीभोवती पाचसहा जपानी, कॉफीच्या गाळ्याचा चिनी अंकल, आणि मी अगदी पुढं. माझ्या पर्समध्ये ज्योतिबाच्या गुलालाची पुडी होती. डोंगरावरून आणलेला प्रसाद. अभिच्या देव्हाऱ्यात ठेवायला नेला होता, त्यातला थोडा बाजूला काढला. असू दे म्हटलं.

काय मॅच झाली! हिरव्यांनी पहिला गोल लवकर केला. मग तासभर त्या केननं एकट्यानं किल्ला लढवला. उंच, हडकुळा, दादासारखाच पुढं येऊन बॉल धरायची सवय. एकदा तर गोलरेषेवरून बॉल असा ओढला की मी स्टुलावर उभी राहिले. "हाण तिच्या! वाघ हाय वाघ!" अभि माझा पदर ओढतोय, "आई, खाली बस, लोक बघतायत." लोक बघणारच, मी काय तिकीट लावलंय? शेवटी शेवटी दुसरा गोल झाला. दोन-शून्य. शिट्टी वाजली.

मग मी काय केलं म्हणता? कोल्हापूरची बाई सेमीफायनल जिंकल्यावर जे करील तेच केलं. पुडी फोडली, "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली आणि मूठभर गुलाल हवेत उधळला. उरलेला केइकोच्या दोन्ही गालांना फासला, एप्रनला फासला, त्या जपान्यांच्या पांढऱ्या शर्टांवर टाकला.

कुणीही हललं नाही. गुलाल हळूहळू खाली बसला, कॉफीवर, ताटांवर, अंकलच्या टकलावर.

"आई, दंड बसेल," अभि पुटपुटला.

रेवानं माझा हात धरला. "आजी," ती अगदी हळू म्हणाली, "नॉट फिनिश. स्टिल गॉट वन मोअर मॅच."

सेमीफायनल दोनदा खेळतात म्हणे! एकदा ह्यांच्या गावात, एकदा त्यांच्या. दोन्हींचे गोल मिळवायचे आणि मग ठरवायचं कोण जिंकलं. आमच्याकडं असलं काही नाही. एकदा भिडायचं, जिंकला तो पुढं, हरला तो घरी. मला कुठलं माहीत? अक्षता पडायच्या आधीच मी वरात काढली होती.

"आई, नियम आधी वाचून घ्यावेत," घरी गेल्यावर सायली म्हणाली. पुण्याची ना ती!

पण त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  स्वतःचे शर्ट झटकायच्या आधी त्या जपान्यांनी कागदी रुमाल काढले आणि टेबलं पुसायला लागले. मीही अंकलकडून झाडू घेतला. अंकल टक्कल पुसत म्हणाला, "आन्टी, कॅनॉट लाइक दिस ला." केइकोनं मला वाकून "थँक यू" म्हटलं आणि ती आत गेली. पण मी पाहिलं, तिनं एप्रनवरच्या त्या डागावरून एकदा हात फिरवला होता, आणि तिचा चेहरा उतरला होता. आपल्यात जिंकायच्या आधी गुलाल उधळणं म्हणजे अपशकुन, हे मला कुणी सांगायला नको होतं. रात्री देव्हाऱ्यापुढं बसून ज्योतिबाला म्हटलं, चूक माझी, त्या पोराला कशाला शिक्षा?

सेम्बावांग

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले तर केइकोचा गाळा बंद.  अंकल म्हणाला, गुरुवारी तिची सुट्टीच असते. परत फिरते तोच ती समोरून आली, हातात अंड्यांची पिशवी. मला बघून म्हणाली, "यू कम."

कुठं, कशाला, काही नाही. मीही निघाले. एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, आम्ही पार उत्तरेला, सेम्बावांगला गेलो. त्या गाडीत कुणी बोलत नाही, कुणी खात नाही, खायला बंदीच आहे. मला शेंगदाणे फोडायची फार इच्छा झाली, पण दंडाच्या भीतीनं गप्प बसले. पुढं थोडं बसनं जाऊन एका बागेत पोचलो. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं. आपल्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावात आहेत तशीच कुंडं, पण आपण तिथं आंघोळ करून देवाला जातो, आणि ही मंडळी बादलीत कढत पाणी भरून त्यात अंडी उकडत बसतात! आम्ही अंडी पाण्यात घातली, शेजारच्या हौदात पाय सोडले आणि बसलो.

तिचं इंग्रजी तुटकं, माझं दहावीपुरतं. पण दोन तुटकी इंग्रजी एकमेकांना बरोबर कळतात. तिचा नवरा इथल्या जहाजांच्या यार्डात होता. त्याच्याबरोबर ती आली, केन इथंच मोठा झाला, ह्याच बागेत ते सुट्टीला येत. शाळेच्या मोठ्या वर्गांसाठी केन जपानला आजी-आजोबांकडं गेला आणि फुटबॉलचाच झाला. नवरा वारल्यावर लोक म्हणाले, परत जा. ती गेली नाही. आणि मुलाची एक सोडून दुसरी मॅच तिनं डोळ्यांनी पाहिली नाही. तो लहान असताना एकदा पाहायला गेली होती, तेव्हा त्यानं गोल खाल्ला आणि आईकडं बघून रडला. तेव्हापासून तिची पाठ.

मी गुलालाबद्दल माफी मागितली. कान धरूनच मागितली. ती हसली.

"वॉश, वॉश, वॉश," ती म्हणाली, "नो गो."

डाग निघाला नव्हता. तिनं सांगितलं, आमच्या जपानात पूर्ण संपल्याशिवाय 'आनंद झाला' असं तोंडातून काढत नाहीत. रात्री तिला भीती वाटली होती, खरंच वाटली होती. पण रंग जात नाही तर आता रविवारी, दुसऱ्या मॅचला, तोच एप्रन घालणार. आणि मग तिनं विचारलं, तुमच्यात हरल्यावर काय करतात?

मी तिला दादाची गोष्ट सांगितली. तरुणपणी एक फायनल हरलो आम्ही, शेवटच्या मिनिटाला. समोरच्या पेठेची मिरवणूक आमच्या दारावरून गेली, गुलालानं रस्ता लाल झाला. दादा परड्याच्या दारानं घरात आला.

"युवर मदर? व्हॉट से?"

"नथिंग," म्हटलं. "राइस गिव्हन."

खरंच, आईनं नुसतं ताट वाढलं होतं. वडील, शेजारी, तालमीतली पोरं, कुणीच काही बोललं नाही. पुढच्या वर्षी दादानं हातमोजे घातलेच नाहीत. केइकोनं माझ्या पायांवर ओंजळभर गरम पाणी सोडलं. मग अंडी झाली. चटणी लावून आम्ही सगळी संपवली.

रविवार

त्या दिवशी आम्ही घरचे सगळे गेलो, सायलीसुद्धा. तिनं नियम वाचून ठेवले होते आणि सगळ्यांना ऐकवत होती. माझी पुडी अभिनं काढून घेतली होती. म्हणजे एक काढून घेतली. दुसरी मी कमरेला खोचली होती.

आणि माझ्या गुलालाची फळं समोर यायला लागली. एक गोल खाल्ला. मग दुसरा. दोन-शून्य त्यांचे, म्हणजे आता बरोबरी. एकही जपानी माझ्याकडं वळून बघेना, आणि तेच मला जास्त लागलं. जादा वेळ झाला. काही नाही. पेनल्टी!

केइकोनं गॅस बंद केला. कढईकडं तोंड करून, डोळे मिटून तिनं फळीवरून मागं हात केला आणि माझं मनगट पकडलं. "यू टेल," म्हणाली.

आता इंग्रजी कुठलं सुचायला? मी सुरू केलं आमच्या स्टेडियमवरच्यासारखं. "आपला निघालाय बघ केइको... हाणला... गोल! आता त्येंचा... आला... गेला गं, डावीकडनं गेला. घाबरू नको. आपला... गोल! आता त्येंचा आलाय, लई टंगळमंगळ करतोय... हाणला... धरला! धरला की गं! केननं धरला!"

मनगटावरची तिची पकड अशी आवळली की बांगडी पिचली. पुढचे सगळे आत गेले, फक्त आपल्या पाचव्या गड्याचा बॉल वरून गेला. मग त्यांचा शेवटचा गडी बॉल घेऊन आला. हा अडवला तर फायनल.

"केइको, बघ," मी म्हटलं. "आता तू बघ." आणि टॅब उचलून, मलाही दिसेल असा तिच्या बाजूला तिरका फिरवला. एक जपानी "आ" म्हणून अर्धवट उठला. मलाही भीती वाटली, पण हात मागं घेतला नाही.

ती वळली. डोळे उघडले.

तो धावत आला आणि मारला. केन उजवीकडं झेपावला. बॉल त्याच्या बोटांना लागून खांबावर आपटला आणि बाहेर गेला.

मी हलले नाही. खरंच सांगते, तोंडावर हात धरून बसले. आता आणखी कुठली मॅच बाकी असली तर? सायलीकडं बघितलं. तिनं मान हलवली, जिंकले. तरी मी गप्पच. तर केइको गाळ्याबाहेर आली, गुलाबी डागांचा एप्रन, गालावर पाणी, आणि माझ्यापुढं हात पसरून म्हणाली, "नाऊ कॅन?"

कमरेची पुडी तिच्या हातावर ठेवली. ती फोडून तिनं स्वतः उधळली, आणि कसं कुणास ठाऊक, लक्षात ठेवून ओरडली, "चांगबलो!" मग ते शर्टवाले जपानी, माझी सून, सगळे "चांगबलो!" रेवा टेबलावर चढली. अंकलनं टकलावर आधीच वर्तमानपत्र धरलं होतं. नंतर सगळ्यांनी मिळून अर्धा तास फरशी घासली, आणि घासतानाही हसत होते.

फायनल व्हायच्या आधीच माझं परतीचं तिकीट होतं. निघताना देव्हाऱ्यातला उरलेला गुलाल मी केइकोला दिला. तिनं तो रुमालात बांधला आणि म्हणाली, गाळा बंद ठेवणार, जपानला जाणार, स्टेडियममध्ये बसणार. मी बजावलं, "ओन्ली विन!" तिनं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही.

कोल्हापूर

फायनल आली ऐन पाडव्याला, आपल्याकडच्या सकाळी. मी फराळाचा डबा घेऊन दादाकडं गेले. सत्तरी ओलांडलीय त्यानं, गुडघे गेलेत, पण मोबाइलवर मॅच लावून दिल्यावर खुर्चीतून पुढं सरकला तो मागं टेकलाच नाही. गल्लीतली चार पोरंही आली. जपानच्या हिरव्या टीमसाठी आमची पेठ चकल्या खात ओरडत होती.

केन झकास खेळला. दादा म्हणाला, "हे बेणं शिकलंय कुठं? पुढं येतंय बघ कसं!" आणि शेवटी शेवटी, आपल्याच गड्याच्या पायाला लागून वळलेला बॉल जाळ्यात गेला. एक-शून्य. हरले.

"त्यात कीपरचा काय दोष?" दादा ओरडला. "आं? त्यानं काय करायचं?" पोरं गुपचूप उठून गेली. दादा मोबाइल पालथा घालून बसला.

दुपारी केइकोचा फोटो आला. स्टेडियमच्या बाहेर ती आणि केन. त्याच्या हिरव्या जर्सीवर गुलाल, केसांत गुलाल, दोन्ही गालांवर आईच्या बोटांचे ठसे. डोळे सुजलेले आणि तोंडभर हसू. खाली तिनं लिहिलं होतं, हरलो, पण आता पूर्ण संपलं, आता आनंद झाला असं म्हणता येतं.

मी फोटो दादाला दाखवला. त्यानं चष्मा पुसून परत लावला.

"हे हरल्यावरचं हाय?"

"हो."

"आईनं लावलाय?"

"आईनंच."

 दादानं मोबाइल माझ्या हातात दिला, खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली आणि टोपी काढली.

"शालन," म्हणाला, "घरात गुलाल असंल तर बघ की जरा."